ढब्बूचं ‘माहीत नाही’

मार्चचा पहिला रविवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण दुपारभर टेबलावर वाकून पाठ धरली आहे, तेव्हा नुसता नमस्कार घे. इकडे आम्ही मजेत. तिकडे तुझी नवी नोकरी, नवी खोली, शेजाऱ्याचं भिंतीपलीकडचं घोरणं वगैरे सगळं ठीक असेल असं धरून चालते.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, फोनवर ‘बाबा’ हा शब्द आला की तुझी रेंज जाते. नेमकी त्याच शब्दावर जाते, त्यामुळे मला त्या टॉवरचं कौतुकच वाटायला लागलंय. पत्राला रेंज लागत नाही, आणि रागाने मधेच खाली ठेवलंस तरी पुढचा मजकूर जागच्या जागी राहतो. पण घाबरू नकोस, आज तो विषय नाही. आज खेळाविषयी लिहायचंय. एक कोडं अडलंय, आणि कोडी रचून पगार घेणारा आपल्या खानदानात तू एकटाच आहेस.

तर, आपला रविवारचा डाव मोडलेला नाही. तू गेलास तेव्हा वाटलं होतं, संपलं आता. पण काही रविवार रिकामे गेले आणि मग उरलेले दोघंही आपणहून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. तुझ्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, जिथे तू फासे लपवून टाकायचास, तिथे आता मी बसते. सूत्रधार व्हायला काय लागतं, असं मला वाटायचं. पुढे काय दिसतंय ते आपण सांगायचं, आपलं पात्र काय करतं ते त्यांनी सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशावर सोडायचं. काय काय लागतं ते आता कळतंय.

तुझा मित्र पाववाला आहे तसाच आहे. पहाटेपासून भट्टीसमोर उभा असतो, त्यामुळे दुपारी डोळे मिटत मिटत खेळतो. त्याचा चोर हल्ली कुलपंसुद्धा पेंगतच उघडतो. आपली आतेबहीण कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आली. तिला आता सगळे वकीलसाहेब म्हणतात आणि ते तिला आवडतं. तिची चेटकीण मंत्र कमी टाकते, वाद जास्त घालते. तिसरा गडी नवा आहे. वयाने मोठे, निवृत्त गृहस्थ. तू पाहुण्यांसाठी करून ठेवलेला तो राक्षस आठवतो? ढब्बू. ताकद अठरा, बुद्धी तीन. त्यांनी तोच उचलला. म्हणाले, “हा बरा. याला फार बोलावं लागत नाही.”

मला मारामारीचा कंटाळा आला होता. दर रविवारी तलवार, दर रविवारी ढाल. म्हटलं, या वेळी डोक्याला खुराक देऊ. टेकडीच्या पोटात एक दालन रचलं. (आकृती मागच्या पानावर आहे. हसू नकोस.) दालनात तीन दगडी पायऱ्या, एकीखाली एक. तिघांनी एकेका पायरीवर बसायचं, सगळ्यांची तोंडं दाराकडे. म्हणजे मागच्याला पुढचे दोघं दिसतात, मधल्याला एकच दिसतो आणि सगळ्यात पुढच्याला नुसतं दार. वरून प्रत्येकाच्या डोक्यावर एक टोप उतरतो. टोप एकूण पाच, तीन पितळी आणि दोन लोखंडी. आपल्या डोक्यावर कोणता आलाय ते आपल्याला दिसत नाही. मागच्यापासून सुरू करून प्रत्येकाने एकदाच बोलायचं. आपला धातू कळला असेल तर सांगायचा, नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. उगाच अंदाज ठोकला आणि तो चुकला, की पायरीखालची फरशी सरकली. तिघांत एकाने जरी बरोबर सांगितलं, तरी दार उघडणार.

मी तिघांनाही पितळी टोप घातले होते. उत्तर तुला एव्हाना आलं असेल, तरी मला लिहायची हौस आहे म्हणून लिहिते. मागच्याला पुढे दोन्ही लोखंडी दिसले, तर लोखंडी संपले, मग त्याचा पितळी हे त्याला लगेच कळणार. तो ‘माहीत नाही’ म्हणाला याचा अर्थ, पुढच्या दोघांत निदान एक तरी पितळी आहे. हे मधल्याने ऐकलं. आता मधल्याला समोर लोखंडी दिसला, तर तो पितळी आपलाच हे त्याला कळणार. तोही ‘माहीत नाही’ म्हणाला, म्हणजे सगळ्यात पुढे पितळी. ज्याला नुसतं दार दिसतं त्यालाच उत्तर कळतं, आणि तेही मागच्या दोघांना काही माहीत नाही यावरून!

दादा, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दुकानात एकटीच हसले. कारण चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर हेच तर करते. भिंग बदलते आणि विचारते, आधीचं बरं की आत्ताचं? लोकांना वाटतं, काहीतरी ठाम सांगायलाच हवं, आणि ते ठोकून देतात. मी मात्र ‘काही कळत नाही हो, दोन्ही सारखंच’ या उत्तराची वाट बघत असते. ते आलं की समजायचं, नंबर सापडला.

असो. नमनालाच घडाभर तेल झालं. खेळात काय झालं ते ऐक.

ढब्बू अंगाने थोराड, म्हणून सगळ्यात मागे बसला. मध्ये चोर, पुढे चेटकीण. हुशार माणूस नेमका पुढे बसला म्हणून मी मनातल्या मनात खूश. टोप उतरले; कोणाला काय दिसतंय ते मी ज्याच्या त्याच्या कानात सांगितलं. ढब्बूने बराच वेळ पुढच्या दोन डोक्यांकडे पाहिलं (म्हणजे त्या गृहस्थांनी टेबलापलीकडच्या दोघांच्या केसांकडे पाहिलं) आणि जाड आवाज काढून सांगितलं, “ढब्बूला माहीत नाही.”

पाववाला म्हणाला, “ढब्बू म्हणतोय तर असेल तसंच. आपण त्याचं खरं धरून चाललो. पण मलाही माहीत नाही.”

आता वकीलसाहेब उत्तर देणार आणि दार उघडणार. मी तर दार उघडल्याचा आवाजसुद्धा तोंडाने काढायला तयार ठेवला होता. पण तिने हात वर केला. मग म्हणाली, “एक मिनिट. याची बुद्धी किती?”

“तीन,” मी म्हटलं.

“मग याच्या ‘माहीत नाही’ला मी काय समजू? शहाणा माणूस ‘माहीत नाही’ म्हणाला, तर त्यातून काहीतरी निघतं. या ढब्बूला समोर दोन लोखंडी दिसले असते तरी हा ‘माहीत नाही’च म्हणाला असता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साक्षीदार भरवशाचा नाही. मी उत्तर देणार नाही.”

आणि नाहीच दिलं. तिचं बरोबरच होतं. मी कोडं रचताना टोप मोजले, पायऱ्या मोजल्या, पण टोपाखालची डोकी धरलीच नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या गृहस्थांना सगळ्यांनी विचारून पाहिलं, “अहो, खरं सांगा, तुम्हाला कळलं होतं का?” ते जाड आवाजातच म्हणाले, “ढब्बू एकदाच बोलतो.” झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत पाववाल्याने उशी मागितली. डाव तिथेच थांबला आहे. तिघं पायऱ्यांवर बसून आहेत, डोक्यावर टोप.

आता सांग, कोडं मोडलं का? की दुरुस्त होतं? पुस्तकातल्या कोड्यात सगळे शहाणे असतात. आपल्या टेबलावर नसतात, मग आपण कोडी रचायची कशी?

तुझी,
धाकटी

ता. क. एप्रिलमध्ये कंपनीच्या कामाला तू इकडे येतो आहेस आणि लॉजवर उतरणार आहेस, असं पाववाल्याकडून कळलं. लॉज चांगला आहे म्हणे.


मार्चचा मधला आठवडा, दुकानातून

प्रिय दादा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यात घरची चौकशी अर्धी ओळ, बाकी सगळं कोडं! वाचून इतकं बरं वाटलं. तू आता खरंच यातला माणूस झालास. एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेंब घालून त्याला बाकावर बसवलंय, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत तुला लिहिते.

तू सांगितलेल्या गोष्टी पाठ केल्या. रस्ता एकाच दारावर अडवू नये, बाजूला कुठेतरी भोक ठेवावं. एक गोष्ट कळायला हवी असेल तर ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी पेरावी, कारण खेळणारे पहिल्या दोन तुडवून पुढे जातात. आणि कोडं नेहमी खुर्चीवरच्या माणसाला पडतं, पात्राला नाही. मंद पात्राचा हुशार खेळाडू पेचात सापडतो, तर त्याला दुसऱ्याच्या कानात सांगू द्यावं. हे सगळं पटलं.

पण पुढे तू लिहिलं आहेस, ‘बुद्धी तीनवाल्याचं माहीत नाही म्हणजे उत्तर नव्हे, नुसता आवाज. तो हिशेबातून काढून टाक आणि दुसरं कोडं घाल.’ ही ओळ मी दोनदा वाचली. आणि त्याच्याखाली तू विचारलं आहेस, ‘हे निवृत्त गृहस्थ कोण?’

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलेलं नाही. ढब्बू म्हणजे बाबा आहेत.

ठेवलंस पत्र खाली? पाणी पी आणि परत ये, मी थांबते.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. आमचा डाव पुन्हा सुरू झाला, तेव्हा ते नेहमीसारखे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तुझी खुर्ची रिकामी होती. तीच ती, डावा मागचा पाय लुळा असलेली. पाववाल्याने तिच्यावर पाय ठेवला की ती कुरकुरायची. बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले, खुर्ची उलटी करून पाय आवळला, सरळ करून वर बसून पाहिलं. आणि उठलेच नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “हा फासा इतक्या बाजूंचा का?” मग, “राक्षस मेला तर त्याचं सामान कोणाचं?” मग, “मला एखादा मिळेल का, खेळायला?” ज्या खेळाला ते पोरखेळ म्हणतात अशी तुझी इतकी वर्षं समजूत आहे, तो खेळ ते आता दर रविवारी दुपारची झोप सोडून खेळतात. तसं त्यांनी तो शब्द कधी वापरल्याचं मला तरी आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

आणि खेळतात कसे! त्यांना सगळं माहीत करून घ्यायचं असतं. टोप वरून उतरतात ते दोरावर की साखळीवर? उलट वजन कुठे लावलंय? तीस-पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला टोपापेक्षा टोपाच्या वरचं काय ते महत्त्वाचं. मी म्हटलं, “बाबा, मी एवढा विचार नाही केला. माहीत नाही.” तर खूश होऊन म्हणाले, “बरोबर. माहीत नाही तर नाही म्हणावं.”

आठवतं, लहानपणी सुटीत आपण त्यांच्याबरोबर कामावर जायचो? लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलेलं असायचं आणि ओरडायचं, किती वेळ लागेल? त्यांच्याबरोबरचा दुसरा मेकॅनिक बघितल्या-न बघितल्यासारखं करून ‘पाच मिनिटं’ म्हणायचा. बाबा आधी जिने चढून वर मोटारीच्या खोलीत जाऊन यायचे. मग दाराच्या फटीला तोंड लावून सांगायचे, “माहीत नाही. पण मी इथेच आहे.” तू विचारलं होतंस, खोटं खोटं पाच मिनिटं सांगितलं तर काय बिघडलं? ते म्हणाले, आतला माणूस घड्याळ बघत बसतो. वेळ टळली की तो आपलं काहीच ऐकत नाही.

डाव थांबला त्या दिवशी भांडी पुसताना मी त्यांना विचारलं, “तुम्हाला उत्तर आलं होतं ना?”

“मला आलं होतं.”

“मग?”

“ढब्बूला कुठे आलं होतं? तो सगळ्यात मागे बसलेला, त्याच्या जागेवरून काही सांगताच येत नव्हतं.” आणि एक ताट पुसून झाल्यावर म्हणाले, “पण ढब्बूने पाहिलं होतं हं नीट. तो बघितल्याशिवाय माहीत नाही म्हणत नाही. पाहिलंस का, असं कोणी विचारलंच नाही त्याला.”

ढब्बूबद्दलच बोलत होते ते. म्हणजे मला त्या वेळी तसं वाटलं.

तर दुसरं कोडं घाल हा तुझा सल्ला मी मानणार नाही. हेच सुटतं का ते बघते. गिऱ्हाईक हाका मारतंय, त्याला आता सगळं धूसर दिसायला लागलं असणार.

तुझी,
धाकटी


मार्चचा शेवटचा रविवार

प्रिय दादा,

या वेळी उत्तर आलं नाही तुझं. पाववाला म्हणाला, तू फोनवर त्याला विचारलंस की हे खरं आहे का, बाबा खरंच बसतात का. तो म्हणाला, बसतात, आणि माझ्या चोरापेक्षा जास्त जागे असतात.  

दार उघडलं, दादा.

आज वकीलसाहेब आली ती तयारी करून. टोप डोक्यावर, तोंड दाराकडे, आणि म्हणाली, “मला साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, कारण तो एकदाच बोलतो. पण त्याची मागची वागणूक तर बघता येते.” मग एकेक काढायला लागली.

पहिलं, दरीवरचा पूल. आम्ही तिथे पोचलो तेव्हा चोराने विचारलं होतं, पूल धरेल का? ढब्बू ओणवा झाला, एकेक फळी दाबून पाहिली, खालून हात घालून दोर चाचपला आणि म्हणाला, “ढब्बूला माहीत नाही.” आम्ही सगळे हसलो. चोराने सरळ पुलावर उडी मारली आणि खाली गेला. (पाववाला म्हणाला, “ते आठवायची गरज होती का?”) दुसरं, विहीर. दोर दोनच होते. एक चोराने घेतला, एक चेटकिणीने. ढब्बूने तिसरा मागितला नाही. तो सरळ हातापायांनी भिंत धरून उतरला. तेव्हाही आम्ही हसलो होतो.

“म्हणजे,” वकीलसाहेब म्हणाली, “एक, ढब्बू पाहिल्याशिवाय ‘माहीत नाही’ म्हणत नाही. दोन, दोनच असलेली वस्तू दोघांनी घेतली की ती संपली, एवढं त्याला नक्की कळतं. आणि या कोड्यासाठी मागच्या माणसाला एवढंच कळायला हवं. त्याला पुढे दोन लोखंडी दिसले असते, तर त्याने सांगितलं असतं. बुद्धी तीन असली म्हणून काय झालं, तीन पुरते. चोराने तर ढब्बूचं खरं धरलंय असं तोंडाने सांगितलंय. मी इतके दिवस मूर्खासारखी बसले, कारण मी त्याचा आकडा बघितला, त्याला नाही बघितलं. माझ्या डोक्यावर पितळ आहे.”

मी दाराचा आवाज काढला. चांगला नाही जमला, पण काढला.

बाबा ढब्बूच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी खोडत बसले. मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, “पुढचं दालन कसलं आहे?” वकीलसाहेब म्हणाली, “मामा, तुम्ही रडताय का?” ते म्हणाले, “माहीत नाही,” आणि मग सगळेच इतके हसलो की खालच्या मजल्यावरून काठीने ठोकलं.

आता तुझा विषय. मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं, आज तो नाही. आज तो आहे.

मला सारखं वाटत होतं की माझ्या कोड्यात जी गंमत झाली ती मी आधी कुठेतरी पाहिली आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली पक्की नोकरी सोडून खेळ बनवणाऱ्या कंपनीत जाऊ का, असं तू त्यांना जेवताना विचारलंस. ते काही बोलले नाहीत. आठवडाभराने तू पुन्हा विचारलंस, तेव्हा म्हणाले, “मला माहीत नाही.” तू ताटावरून उठलास. म्हणालास, “म्हणजे तुम्हाला काही पडलेलीच नाही.” मीही तेव्हा तसंच समजले. जुना माणूस, त्याला या खेळांतलं काय कळणार. आपण दोघांनी त्यांच्या डोक्यावर बुद्धी तीन लिहून टाकलं आणि त्यांचं उत्तर हिशेबातून काढलं.

परवा आमच्या दुकानात चौकातल्या खेळण्यांच्या दुकानाचे मालक आले होते. वाचायच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. भिंगं बदलता बदलता म्हणाले, “तुमच्या वडिलांना गेम मिळाला का मग?” मला कळेना. तर म्हणे, मागे ते ओळीने काही दिवस येत होते. उभे राहायचे आणि विचारायचे, हे खोक्यातले खेळ कोण घेतं, एकदा घेतलेला माणूस परत येतो का, बनवणारी कंपनी टिकते का, मधेच बुडते का. गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हायचे, गेलं की पुढचा प्रश्न. मालकांनी सांगितलं ते खरं सांगितलं. कधी चांगलं चालतं, कधी महिनाभर धूळ खातं. मी विचारलं, हे कधीचं? त्यांनी सांगितलं, आणि माझा हात भिंगावरच राहिला. तोच आठवडा, दादा. तू विचारलंस आणि त्यांनी उत्तर दिलं, यांच्या मधला.

ते वर मोटारीच्या खोलीत जाऊन आले होते रे.

आता तू कोडी बनवणारा आहेस, तूच मांड. तुझं जाणं चुकीचं आहे असं त्यांना तिथे उभं राहून दिसलं असतं, तर त्यांनी ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं. लिफ्टचा दोर झिजलेला दिसला की ते मालकाच्या तोंडावर लिफ्ट बंद करायचे, भीड धरायचे नाहीत. तुझ्या बाबतीत ते ‘माहीत नाही’ म्हणाले. म्हणजे निदान एवढं नक्की, की त्यांना तुझ्या जाण्यात खोट दिसली नव्हती. हे उत्तर त्यांनी तुला दिलं होतं, आणि तू ते इतके महिने न घेता तिकडे बसला आहेस.

राहता राहिला त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, जो ते बंद दाराच्या फटीतून अनोळखी माणसांना सांगायचे. तो त्यांनी तुला का सांगितला नाही? मी आज विचारलं त्यांना. सरळ विचारलं, कोणी विचारत नाही अशी त्यांची तक्रार होती ना! ते गोंधळले. म्हणाले, “ते काय सांगायचं? त्याला माहीतच आहे.”

मला राग आला त्यांचा. तुझाही आला. आणि मग दोघांचीही इतकी दया आली की मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे तोंड लपवलं.

मंडळी गेल्यावर मी त्यांना शेवटचं विचारलं, “दादा येईल का हो घरी? की लॉजवरच उतरेल?” ते उठले, तुझी खुर्ची पाठीला धरून हलवली, पाय आवळला होता तो नीट आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, “माहीत नाही.” आणि आत जाऊन स्टूल घेऊन आले. टेबलाशी ठेवून त्यावर बसून पाहिलं. पुढच्या रविवारपासून ढब्बू स्टुलावर बसणार आहे.

मलाही माहीत नाही, दादा. तू येशील असं मला धरून चालता येत नाही, आणि येणार नाहीस असंही नाही.

तर सगळ्यात मागे ते बसलेत, मध्ये मी आहे आणि पुढे तू, आमच्याकडे पाठ करून. तुझ्या डोक्यावर काय आहे ते आम्हाला दोघांना इथून दिसतंय. आमचं दोघांचंही ‘माहीत नाही’ म्हणून झालं. आता पाळी तुझी आहे.

तुझ्या लगेच मागच्या पायरीवर बसलेली,
धाकटी